तुमच्याकडे शिकायला येणारी ती

अण्णा, काल ऑफिसात नव्या मुलांना शिकवताना मी म्हटलं, "तपासणाराच दमला तर चांगली लाइनसुद्धा मेलेली दिसते." मुलांनी ते लिहून घेतलं. वाक्य तुमचं आहे हे काही मी सांगितलं नाही. तुम्ही तरी ते मला कुठे सांगितलं होतं? तिला सांगितलं होतं. मी तुम्हा दोघांसाठी चहा घेऊन दारात उभी होते.

तुम्ही टेलिफोन खात्यातून निवृत्त झाला होता. खाजगी कंपन्यांना इंटरनेट विकायची मोकळीक मिळाली होती, आणि त्यांनी एकमेकींकडे जाणारी माहितीची वाहतूक परदेशातून फिरवून आणण्यापेक्षा इथेच द्यावी-घ्यावी म्हणून आमचं केंद्र निघालं. एका मोठ्या स्विचला सगळ्यांचे राउटर, म्हणजे माहितीला वाट दाखवणारी यंत्रं, जोडलेले. विद्यानगरची ती तेलुगू मुलगी आणि मी एकाच दिवशी तिथे नोकरीला लागलो. अडचण अशी होती, की पलीकडच्या कंपनीचा राउटर बंद पडला तरी आपली तार स्विचपर्यंत धडधाकट असते, दिवा हिरवा असतो, आणि आपला राउटर तीन-तीन मिनिटं त्या मेलेल्या वाटेवर सगळं ओतत राहतो.

उपाय मी काढला. प्रत्येक राउटरने इतर प्रत्येकाला सेकंदाला कितीतरी वेळा छोटासा निरोप धाडायचा. ओळीने तीन निरोप चुकले की ती वाट बंद समजायची. कंपन्या मोजक्या होत्या तोवर झकास चाललं. घरी येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्ही विचारलंत, "आणि मंडळी वाढली की?" मी म्हटलं, तुमच्या काळातलं नाही हे, अण्णा. तुम्ही पेपर उघडलात.

मंडळी वाढली. एका दुपारी निरोप सांभाळता सांभाळता राउटरांना धाप लागली, निरोप उशिरा जाऊ लागले, आणि चांगल्या वाटा मेलेल्या ठरून बंद पडायला लागल्या. उघडायच्या, पुन्हा बंद. फोनवर फोन. हे कुणी लावलं, असं साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं.

त्या रविवारी ती बरकतपुऱ्याला आपल्याकडे आली. मला धीर द्यायला आली असेल असं मला वाटलं. ती सरळ तुमच्यासमोर बसते, वही उघडते. "अंकल, आपके टाइम में इत्ते लाइनां कैसे देखते थे?" तुमचा चेहरा असा उजळतो, की मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबते. तुम्ही तिला सांगताय, की ट्रंकच्या, म्हणजे दोन एक्स्चेंजांमधल्या, लाइनी सारख्या तपासायच्या, घरगुती पाळीपाळीने, आणि कॉल जोडणाऱ्याच्या गळ्यात तपासणीचं काम मारायचं नाही, त्याला वेगळा माणूस. "देखनेवालाच थक गया तो अच्छी लाइन भी मरी हुई दिखती, अम्मा." अम्मा. इथे लाडक्या लेकीला म्हणतात तसं. मला, पोटच्या मुलीला, तुम्ही कधी अशी हाक मारली नाही.

तिने तसंच केलं. भरपूर वाहतूक असलेल्या वाटांवरच झटपट तपासणी, बाकीच्यांवर सावकाश. आणि ते काम मुख्य प्रोसेसरकडून काढून राउटरमधल्या वेगळ्या कार्डांकडे दिलं. केंद्र आज कितीतरी पटीने वाढलंय, पण रीत तीच आहे. तिला बढती मिळाली, पेढे तिने आधी तुम्हाला आणून दिले. ती गेल्यावर मी विचारलं, मला का नाही सांगितलंत हे? तुम्ही पेढ्याचा तुकडा मोडत म्हणालात, "तिने विचारलं."

एवढंच. मग ती रविवारी येतच राहिली. तुम्ही सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचात. मी नेमकी त्याच वेळी भाजीला गौलीगुड्यापर्यंत जायची. भाजी आपल्या कोपऱ्यावरही मिळत होती.

ती आता दुसऱ्या शहरात आहे. तुमच्या तिथीला न चुकता मला फोन करते, तुमच्या आठवणी सांगते, आणि त्यातल्या कितीतरी मला ठाऊकच नसतात. हे पत्र तिलाच पाठवावं असं दोनदा मनात आलं. पत्ता आहे माझ्याकडे. नाही पाठवणार, कारण पुढचं तिला कळायला नको.

तुमच्या शेवटच्या आठवड्यात ती दवाखान्यात आली होती. दुपारचे चार वाजले असतील. मी खोलीबाहेरच तिला अडवलं आणि सांगितलं, अण्णांना आत्ताच झोप लागलीय, डॉक्टर उठवू नका म्हणालेत. ती तासभर बाहेरच्या बाकावर बसून राहिली आणि गेली. तुम्ही जागे होता. मी आत आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "कोण आलं होतं?"

मी म्हटलं, "नर्स."