पाण्यापुढे उभी टिटवी

दादा, तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं झाली आणि तुमच्या लेकीने साठी ओलांडली, तरी पाखरांचे फोटो काढायचं वेड काही सुटलं नाही. अजूनही सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून निफाडच्या पुढे, नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर जाते. चिखलात पालथी पडले की गुडघे बोंब मारतात, पण समोर एखादा शेकाट्या पक्षी आपल्या लांब लाल पायांच्या काड्यांवर चालायला लागला की गुडघे कुणाचे तेच आठवत नाही. हे वेड मला तुमच्या रानात लागलं, नाशिकच्या वेशीवरच्या आपल्या दीड एकरात, झेंडू आणि वांग्यांच्या मधल्या तुकड्यात.

तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. ऐंशी साल अजून उजाडायचं होतं. मामाने त्याचा जुना दोन भिंगांचा कॅमेरा मला देऊन टाकला. त्यात वरून डोकावून बघायचं, आणि पाखरू डावीकडे निघालं की काचेवर ते उजवीकडे पळायचं. एका रोलमध्ये फोटो बाराच. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "लग्नाच्या पोरीने पाखरांमागं हिंडायचं?" तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "हिंडू दे. पाखरं काय हुंडा मागत नाय."

त्या उन्हाळ्यात नांगरताना तुम्हाला टिटवीची अंडी दिसली. चार, ढेकळांच्याच रंगाची, उघड्या जमिनीवर. तुम्ही बैल वळवलेत आणि सतरंजीएवढी जागा न नांगरता सोडलीत. शेजारचे काका बांधावरून म्हणाले, "टिटवी वरडते ते चांगलं नसतं." तुम्ही म्हणालात, "ती लेकरांपायी वरडते. तुझं नाव बी तिला ठाऊक नाय." मग मला लपून बसायला तुम्ही कांद्याची रिकामी बारदानं दाभणाने शिवून खोपटं केलंत. रोज दोन हात पुढे सरकवायचं, म्हणजे पाखरू बिचकत नाही, ही युक्तीही तुमचीच. आत उकाडा आणि लासलगावच्या कांद्याचा वास. बाहेर यायचे तेव्हा डोळे लाल, नाक वाहतंय. आई विचारायची, "फोटो काढतेस का रडतेस?"

एका दुपारी मी खोपटातून अक्षरशः उडी मारून बाहेर आले. टिटवी पाटाच्या चारीत साचलेल्या पाण्यावर गेली, पोटाची पिसं भिजवली आणि तशीच ओलीचिंब येऊन अंड्यांवर बसली, अंडी गार राहावीत म्हणून! "दादा, ती पाणी आणते, पोटाला लावून आणते!" तुम्ही खुरपं टाकून माझ्याबरोबर आत शिरलात. दोघं गुडघे पोटाशी घेऊन बसलोय, तुमच्या मुंडाशाला झेंडूचा वास, आणि टिटवी पुन्हा उठते, चारीकडे चालते. तुम्ही माझा दंड घट्ट धरता. "जलम रानात गेला माझा," तुम्ही कुजबुजता, "हे नाय बघितलं कधी." तुम्हाला इतकं खूश मी माझ्या लग्नातही पाहिलं नाही.

आणि मग तो बुधवार. पाटाच्या पाण्याची आपली पाळी शुक्रवारी होती, तोवर पिल्लं निघतील असा तुमचा हिशोब. पाटकऱ्याने पाणी दोन दिवस आधीच सोडलं. तुम्ही फुलं घेऊन बाजारात, आई आजोळी, मी खोपटात. अंड्यांना चिरा गेल्या होत्या, आतून बारीक चिवचिव येत होती. पाणी ढेकळं विरघळवत पुढे आलं. टिटवी उठली आणि गुरं अंगावर आली की करते तशी अंड्यांवर पंख पसरून उभी राहिली, पाण्याला अडवायला! माझं काळीज इतकं धडधडत होतं की काचेवरचं चित्र हलत होतं. रोलमध्ये एकच फोटो उरला होता. फावडं माझ्यापासून दहा पावलांवर पडलं होतं, आणि ते मला दिसत होतं.

तेवढ्यात रस्त्यावरून तुमची हाक आली, "पोरी, फावडं घे! पाणी वळव!"

मी ऐकलं, दादा. मी हलले नाही. पंख अजून थोडे वर जातील म्हणून थांबले. तुम्ही सायकल टाकलीत, रिकाम्या पाट्या रस्त्यावर गडगडल्या. पाखरू उडू नये म्हणून लांबून वळसा घालून चारीच्या तोंडाशी गेलात आणि नुसत्या हातांनी चिखल ओढून तोंड बुजवलंत. पाणी अंड्यांपासून वीतभर अंतरावर थांबलं. मी बटण दाबलं. नंतर तुम्ही कोपरापर्यंत चिखलाने माखून माझ्यापुढे उभे. वाटलं, आता कानाखाली बसणार. तुम्ही विचारलंत, "निघाला का फोटो?" मी म्हटलं, "निघाला." "मग झालं," म्हणालात आणि पाट्या गोळा करायला गेलात. दुसऱ्या सकाळी चारही पिल्लं तुरुतुरु पळत रानात पांगली.

तो फोटो मी गेली कित्येक वर्षं शाळाशाळांतून दाखवते. आणि दर वेळी सांगते की पाणी आलं तेव्हा मी कॅमेरा ठेवला, फावडं घेतलं आणि पाणी वळवलं. पहिल्यांदा कसं तोंडून गेलं कळलं नाही. टाळ्या पडल्या, मग तसंच राहिलं. हे पत्र तरी कुठल्या पेटीत टाकणार? तरी लिहितेय, कारण परवा कळवणच्या शाळेत पुढच्या बाकावरची एक पोरगी उठून म्हणाली, "मॅडम, तुम्ही पाणी वळवत व्हत्या, मग फोटो कोणी काढला?"

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी."

सगळा वर्ग तुमच्यासाठी टाळ्या वाजवत होता, दादा. तुम्ही जन्मात कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. आणि मी, टाळ्या थांबेपर्यंत, हसत उभी होते.