दोन ब्रेकची गाडी

आई,

बाबाने नवी गाडी घेतली आहे आणि तिच्यातला आपोआप लागणारा ब्रेक त्याला नको होता. मी शनिवारी पुण्याहून घरी आले की तो किल्ली माझ्यासमोर ठेवायचा आणि म्हणायचा, "तू इंजिनीअर हायस ना? मंग बंद करून दे." बंद करणं अवघड नाही. स्क्रीनवर दोन-तीन ठिकाणी बोट लावलं की झालं. तरी मी ते टाळत आले. याबद्दल जिला विचारावं अशी एकच व्यक्ती मला माहीत आहे, आणि तुला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

आधी गाडीबद्दल सांगते, कारण तुझ्या वेळी आपल्या रस्त्यांवर असली गाडी नव्हती. तिच्या पुढच्या जाळीमागे रडार आहे आणि काचेवर, आरशाच्या पाठी, कॅमेरा. हायवेवर वेग ठरवून दिला की ती तो धरून चालते. पुढचं वाहन हळू झालं की स्वतः हळू होते, अंतर राखते, रस्ता मोकळा झाला की पुन्हा वेग घेते. याला अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल म्हणतात, आणि ते आपण चालू केलं तरच चालतं. दुसरी सोय कायम जागी असते. धडक होईल असं वाटलं की गाडी आधी आवाज करते, आणि तरीही पाय हलला नाही तर स्वतः ब्रेक दाबते. माझी नोकरी या दुसऱ्या सोयीवरची आहे. ब्रेक कधी लागावा आणि कधी लागू नये, हे आम्ही चाचणीच्या ट्रॅकवर फोमच्या खोट्या गाड्या उभ्या करून तपासतो. फार लवकर लागला तर माणूस वैतागतो आणि सगळंच बंद करून टाकतो. उशिरा लागला तर त्याचा उपयोग नाही. या दोन्हींच्या मधली जागा फार थोडी आहे. ऑफिसात ती समजावून सांगताना मला दरवेळी तुझी गाडी आठवते. तिथे मी ते कुणाला सांगत नाही.

तुझी शिकवणीची पांढरी गाडी. डावीकडे, तुझ्या पायाशी, दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक. सुट्टीच्या दिवशी मी मागच्या सीटवर बसून यायचे, तेव्हा मला रस्ता दिसायचा नाही, तुझा डावा खांदा आणि पुढे सरकलेला गुडघा दिसायचा. भिवंडीत बाईला गाडी शिकवणारी बाई तू एकटीच, म्हणून लूमवाल्यांच्या घरच्या बायका तुझ्याकडे यायच्या, बुरखा सावरत गिअर शोधायच्या. गाडी थांबली आणि ती तू थांबवलेली असली, की तू डॅशबोर्डवर बोटाने टकटक करून सांगायचीस, "हा माझा." रागाने नाही, ओरडून नाही. एक चाची तुझ्याशी रोज भांडायची. "नहीं मॅडम, ये मेरा था, कसम से! पाँव मेरा पहले गया." तू म्हणायचीस, "पाँव गया, लेकिन किधर गया? क्लच पर गया. हा माझा." ती स्वतःच हसत सुटायची आणि पुढच्या चौकात हॉर्न वाजवून राग काढायची.

तुझं म्हणणं असं होतं की शिकणाऱ्याला आपला ब्रेक कोणता आणि मॅडमचा कोणता हे कळलं नाही, तर तो परीक्षा पास होऊनही गाडी चालवायला शिकलेला नसतो. म्हणून शेवटच्या दिवशी तू सीट मागे सरकवायचीस, चपला काढायचीस आणि सरळ मांडी घालून बसायचीस. पाय वर. दुसऱ्या ब्रेकवर कुणी नाही, हे शिकणाऱ्याला डोळ्यांनी दिसावं म्हणून. लायसन नंतर यायचं. बायका पेढे त्या दिवशीच आणायच्या.

बाबाही तुझ्याकडेच शिकला होता. गावात त्याला त्यावरून किती चिडवायचे ते तुला माहीत आहे. आता पूर्णा गावच्या नाक्यावर चहा पिताना त्याचे मित्र नवीन बोलतात. "आधी बायको ब्रेक मारायची, आता गाडी मारते. तू कधी मारनार रे?" बाबा माझ्यासमोर हसला, पण किल्ली त्याच संध्याकाळी पहिल्यांदा माझ्यासमोर आली.

त्याची तक्रार सगळी खोटी नाही, हे मला मान्य आहे. आपल्याकडे रिक्षा तिरकी घुसते, बाइकवाला बंपरला घासून जातो, आणि गाडी त्या प्रत्येकाला धडक समजून दचकते. हायवेवर पुढे अंतर ठेवलं की त्या जागेत कुणीतरी शिरतं, मग गाडी पुन्हा मागे राहते. "अशान मी पडघ्याला जेवायच्या येलेला पोचंन," असं तो म्हणतो. पडघ्याजवळच्या भाताच्या तुकड्यावर तो अजून बहुतेक सकाळी जातो. शिवाय मागून टेम्पो चिकटून येत असेल तर अचानक ब्रेक लागणं धोक्याचंच. आणि रस्त्याच्या कडेला दिवे न लावता उभा असलेला ट्रेलर या गाडीला वेळेत ओळखता येईलच, असं मी कुणालाही लिहून देणार नाही. चिखलाने रडार झाकलं तर तेही गेलं. हे सगळं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मंग ठेवाचा कशाला?"

ते मागच्या महिन्यात पूर्णाच्या रस्त्यावर कळलं. दुपारची वेळ. बाबा गाडी चालवतो आहे, मी शेजारी. एका गोडाउनच्या फाटकातून ट्रेलर मागे मागे बाहेर येतो आहे, क्लीनर रस्त्यात उभा राहून हात करतो आहे. बाबा क्लीनरकडे बघतो, त्याच्या बाजूने गाडी काढता येईल असं त्याला वाटतं. ट्रेलरचं मागचं टोक अजून बाहेर येतंच आहे. गाडी ओरडते आणि पुढच्याच क्षणी पट्टा माझ्या छातीत रुततो. आम्ही थांबलो तेव्हा ट्रेलरच्या लोखंडावरचा गंज मला नीट दिसत होता. क्लीनरने आमच्या बॉनेटवर थाप मारली. "चाचा, आँख है की बटन?"

बाबा म्हणाला, "मी मारनारच होतो."

"नव्हतास."

"तुला काय म्हायती?"

"तुझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता. मी पायाकडेच बघत होते."

मी डॅशबोर्डवर बोट टेकवलं आणि म्हटलं, "हा गाडीचा." ठरवून नाही म्हटलं. मागचे हॉर्न वाजवत होते. मग तो म्हणाला, "आयससारखी बोलू नको गो." आवाजात राग नव्हता.

मला भीती त्याची नजर कमी होण्याची नव्हती. त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. भीती सवयीची होती. गाडी थांबवेल हे ठाऊक असलेला पाय हळूहळू आळशी होतो. ब्रेक बंद केला तर एखाद्या दिवशी असा ट्रेलर त्याला लागेल. चालू ठेवला तर तो चालवणं विसरेल. यावर आमच्या ऑफिसात पुष्कळ बोलणं होतं. उत्तर मात्र तुझ्याकडे होतं. मी बाबाला म्हटलं, ब्रेक चालू राहील, पण गाडीने ब्रेक मारला की तू मोठ्याने म्हणायचं, हा गाडीचा. मी नसले तरी म्हणायचं. त्याने तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. पुण्याला त्याचा फोन यायचा: "आज रिक्षावाल्यापाशी येक झाला. तो गाडीचा. पन गाडी उगाच घाबरली." नंतरच्या फोनांत गाडीचे ब्रेक कमी होत गेले, तो आधी भाताबद्दल बोलायला लागला.

गेल्या रविवारी आम्ही पडघ्याला गेलो. जाताना गाडीने एकदाही ब्रेक मारला नाही. एक टेम्पो एकदम आडवा आला, तेव्हा बाबाचा पाय गाडीच्या आधी गेला, मी पाहिलं. बाजार मागे टाकून आम्ही शेताच्या कच्च्या रस्त्याला लागलो तशी त्याने गाडी बैलगाडीच्या वेगावर आणली आणि म्हणाला, "आता मांडी घाल."

मी म्हटलं, "आईने माझ्यासाठी नव्हती घातली."

तू मला शिकवलंस ते तुझ्या शेवटच्या उन्हाळ्यात. "हा माझा" मी इतरांपेक्षा कमी ऐकलं, हे मला नक्की आठवतं. तरी शेवटच्या दिवशी तुझे पाय खालीच होते. मी काही विचारलं नाही. तुला माझी खात्री वाटली नाही, असं मी धरून चालले.

बाबा रस्त्याकडे बघत म्हणाला, "तिचा पाय वळत न्हवता गो तवा. सुजलेला. जिन्यावर मी धरून न्यायचो."

जिन्याचं मला माहीत होतं. मीही धरलं आहे. जिना आणि मांडी या दोन गोष्टी मी कधी जोडून पाहिल्या नव्हत्या.

मी सीट मागे घेतली, चपला काढल्या आणि मांडी घातली. एअरबॅगसमोर असं बसू नये, हे मी इतरांना सांगत असते. बाबा दोन्ही हात स्टिअरिंगवर नीट ठेवून ताठ बसला, परीक्षेला बसल्यासारखा. आपल्या बांधापर्यंत मी तशीच होते.

आई, तू मांडी घालायचीस तेव्हा त्या गाडीत ब्रेक मारणारं दुसरं कुणी उरत नसे. माझ्या वेळी गाडीचा ब्रेक चालू होता, आणि मांडी घालण्याआधी मी तो चालू असल्याची स्क्रीनवर खात्री करून घेतली. बंद असता तर माझे पाय खालीच राहिले असते. बाबाला मी हे सांगितलेलं नाही.