सातवा आद्य कलावंत

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. कुणालाही दाखवायची नाही. तरी अक्षर बरं काढायचं, पुढचं कुणी सांगावं.
काल टीव्हीवर रॉक अँड रोलच्या सुरुवातीच्या कलावंतांवर कार्यक्रम पाहिला. डोळे भरून आले. एकजण पियानोचं स्टूल लाथेने उडवून उभ्यानेच वाजवायचे. दुसरे एका पायावर उड्या मारत स्टेजभर गिटार घेऊन फिरायचे. एक बाई तर या सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवत होत्या. ज्यांनी सुरुवात केली ते बाजूला राहिले, मागून आलेल्यांनी मलिदा खाल्ला. आणि आपल्या गावाने आजवर साधी दखल घेतलेली नाही.
संकल्प: जाहीर कार्यक्रम करायचा. ग्रंथालयाचा वरचा हॉल. मुख्य आयोजक मी.
बायको म्हणाली, आधी मोरीतला नळ गळतोय तो बघा. मी पाणीपुरवठा खात्यात असलो तरी तक्रार विभागात आहे. रीतसर तक्रार नोंदव म्हटलं.

५ फेब्रुवारी
कलावंतांची यादी केली. सहाजण. सगळे दिवंगत. यादी अपुरी वाटते.
आपल्या गावात रॉक अँड रोल पहिल्यांदा कुणी वाजवलं? कॉलेजातल्या आमच्या बँडने. बँडमध्ये रिदम गिटार कुणाकडे होती? आता ते संगीत आमच्यापर्यंत पोचायला तीसेक वर्षं लागली हा काही माझा दोष नाही. इथल्यापुरता मी आद्यच.
सातवं नाव माझं, आधी पेन्सिलीने लिहिलं. पण इतिहासापुढे संकोच करून चालत नाही.
बँड मोडला तो गायकामुळे. मी एका गाण्यात एकट्याने वाजवायला सोलो मागितला, तो हसला. मी गिटार उचलून निघून आलो ते आजतागायत बोलणं नाही. तो आता दाताचा डॉक्टर आहे. माझी अक्कलदाढ दुखली तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे गेलो. तिथल्याने शेजारची काढली. तत्त्वासाठी मी एवढं सोसलंय.
ठरवलं. प्रमुख वक्ता म्हणून त्यालाच बोलवायचं. चार लोकांसमोर त्याने एकदा म्हणावं की बँड माझ्या गिटारवर उभा होता. दुसरं काही नको.

८ फेब्रुवारी
हॉल मिळाला. ग्रंथपाल बाईंनी कार्यक्रमाचं नाव विचारलं. 'सत्कार' हा शब्द पार गुळगुळीत झालाय, आमच्या ऑफिसात बदली झाली तरी सत्कार होतो. मी लिहून दिलं: 'रॉक अँड रोलच्या आद्य कलावंतांना आदरांजली'. आदर अधिक अंजली. ओंजळभर आदर.
बाई म्हणाल्या, आदरांजली गेलेल्यांना वाहतात. मी त्यांना संधी सोडवून दाखवली. त्यात मेलेला माणूस कुठेही येत नाही. बाईंनी नाव रजिस्टरात उतरवून घेतलं. माझ्या व्याकरणापुढे भले भले नमतात.

११ फेब्रुवारी
मेहुण्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. सहाजणांचे फोटो काळेपांढरे, माझा रंगीत. डोळ्याला खुपत होतं. माझाही काळापांढरा करायला सांगितला. आता सातहीजण एका माळेत शोभतात. मेहुणा दोनदा म्हणाला, भावोजी, नक्की ना? त्याला कलेतलं काय कळणार. फ्लेक्स मंडईच्या चौकात लागला. तेच सात फोटो छापून पत्रिका डाकेने गेल्या, गायकालाही.

१३ फेब्रुवारी
कार्यक्रमापर्यंत ऑफिसला रजा, उद्यापासून रोज तासभर रियाज. समारोपाला मी एका पायावर उड्या मारत प्रवेश करणार. त्यासाठी पोट कमी करणं, संध्याकाळचा चहा बंद.

१४ फेब्रुवारी
गिटारच्या तारा गंजलेल्या. रियाज रद्द. निराशेने चहा दोनदा.

१६ फेब्रुवारी, दुपार
उड्यांची तालीम केली. पाच उड्या उत्तम. सहाव्या उडीला गुडघ्यात काहीतरी सरकलं. खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई वर आल्या, भिंतीला खिळे मारताय का विचारायला.
आणि मोठी बातमी. पत्रिकेवर मोबाइल नंबर बायकोचा दिलाय (माझा फोन ऑफिसच्या तक्रारदारांना माहीत आहे). त्यावर गायकाचा मेसेज: 'पत्रिका पाहून फार वाईट वाटलं. खूप गोष्टी बोलायच्या राहून गेल्या. नक्की येतो.'
तीन वेळा वाचला. वाईट वाटलं. म्हणजे पश्चात्ताप. इतक्या वर्षांनी माणूस वितळला. बायको फोन लावून बोलते म्हणत होती. मी सक्त मनाई केली. जे बोलायचं ते स्टेजवर बोलू दे.

१९ फेब्रुवारी
चौकात आमचे निवृत्त साहेब दिसले. मी हात केला. साहेब जागच्या जागी पांढरे पडले आणि उलट दिशेने चालू लागले. फ्लेक्सवर फोटो आल्यापासून लोकांच्या नजरेत एक प्रकारचा दरारा जाणवतो. केशकर्तनालयातही मला बघून बोलणं थांबलं. प्रसिद्धीची किंमत मोजावी लागते.

२१ फेब्रुवारी, सकाळ
योजना पक्की. मी गिटार आणि भाड्याने आणलेला अॅम्प्लिफायर घेऊन पडद्यामागे. गायकाचं भाषण संपलं की ग्रंथपाल बाई पडदा ओढणार. बायकोला बजावलं: पहिल्या रांगेत बसायचं, माझ्याबद्दल कुणी काही विचारलं तर चकार शब्द काढायचा नाही. सस्पेन्स. तिने पत्रिका पुन्हा एकदा नीट वाचली. मग म्हणाली, "बरं. तुम्ही म्हणताय तर नाही बोलत."
नळ अजून गळतोय. कार्यक्रम झाला की लगेच.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ
आज लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.
हॉल भरला होता. बँडचा ड्रमरही आला होता, आमच्या खात्यातली अर्धी माणसं होती. पडद्याच्या फटीतून बघितलं तर लोक एकेक करून बायकोपाशी जाऊन हळू आवाजात काही बोलत होते. ती शब्दाला जागली. नुसती मान खाली घालून बसली होती, पदर तोंडाशी. खांदे हलत होते.
गायक उठला. केस गेलेत, आवाज तोच. सहाजणांबद्दल चांगलं बोलला. मग सातव्या फोटोकडे वळून थांबला. मी गिटारचा पट्टा नीट केला.
म्हणाला, "आता तो नाही, म्हणून सांगतो. त्याच्या गिटारची वायर आम्ही कधी जोडलीच नाही."
मी हातातल्या गिटारकडे बघितलं. वायर अजून जोडायची होती.
पुढे तो सांगत राहिला. पहिल्याच तालमीत कळलं की याचा हात तालात पडत नाही. काढून टाकायला जीव होईना. मग ड्रमर त्याची वायर अॅम्प्लिफायरच्या मागे नेऊन तशीच सोडून द्यायचा, म्हणजे त्याचा आवाज बाहेर यायचाच नाही. पण अॅम्प्लिफायर तीन मजले एकटा चढवायचा तो हाच. स्टेजवर आमचे पाय लटपटायला लागले की आम्ही याच्याकडे बघायचो. डोळे मिटून असा काही रंगलेला असायचा की आमची भीती जायची. त्याने सोलो मागितला तेव्हा मी हसलो. सोलोसाठी वायर जोडावी लागली असती, आणि खरं सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. तेव्हा सांगायला हवं होतं, असं म्हणून तो चष्मा पुसायला लागला.
मग म्हणाला, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या.
सगळे उभे राहिले. मीही पडद्यामागे मान खाली घालून उभा राहिलो. शिस्त म्हणजे शिस्त.
दोन मिनिटांनी बाईंनी ठरल्याप्रमाणे पडदा ओढला.
पुढचं नीट आठवत नाही. मागच्या रांगेत खुर्ची पडली. निवृत्त साहेब जिन्याकडे धावले. बायकोला हसू आवरेना, आता ती उघडउघड हसत होती. एका पायावर उडी मारायचं सुचलंच नाही. नुसता उभा राहिलो. गायक सावकाश माझ्यापाशी आला, माझ्या खांद्याला बोट लावून बघितलं. मग खाली वाकून गिटारची वायर उचलली आणि अॅम्प्लिफायरला जोडली. "वाजव," म्हणाला.
वाजवलं.
अर्ध्या मिनिटाने त्याने वायर परत काढली. कुणी हसलं नाही. तोच गायला लागला, ड्रमरने खुर्चीच्या पाठीवर ठेका धरला, आणि मी शेवटपर्यंत वाजवत राहिलो.

२३ फेब्रुवारी
रजा वाढवली. त्या सहाजणांना हयातीत न्याय मिळाला नाही, गेल्यावर मिळाला. मला गेल्यावरही मिळाला नाही.
बायको म्हणाली, लोक रडले की तुमच्यासाठी. म्हटलं, वायरीबद्दल तुला माहीत होतं का? ती म्हणाली, लग्नाआधी एकदा कार्यक्रमाला आले होते, पुढेच बसले होते, दिसत होती वायर. मग माझ्याशी लग्न का केलंस, विचारलं. तर म्हणे, वाजवताना छान दिसत होतात.
हे आधी सांगायला काय झालं होतं.

२४ फेब्रुवारी
मोरीतला नळ स्वतः दुरुस्त करायला घेतला. आता दोन ठिकाणी गळतो.

२६ फेब्रुवारी, रविवार
गायकाचा फोन आला. तो, ड्रमर आणि बँडमधला जुना पियानोवाला दर रविवारी त्याच्या दवाखान्यात जमतात. ये म्हणाला. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, अॅम्प्लिफायर खालीच पडून असतो, हेही म्हणाला. मी विचार करून सांगतो म्हटलं. कलावंताने लगेच हो म्हणू नये.
फोन ठेवला आणि कपडे बदलले. गुडघ्याला पट्टा बांधला. गिटार खांद्याला लावून जिना उतरत होतो तेवढ्यात बायकोने वरून हाक मारली, "अहो, वायर राहिली."
म्हटलं, राहू दे.