सोड्याच्या पाटीवरची अक्षरं

प्रिय ऐलव्वा,

तुझी वहिनी राजव्वा हिच्या हाती हे पत्र देतो आहे. वाचून होईपर्यंत वहिनीला जवळच बसव. मी मागच्या बसने येतोच, पण समोर बसून मला बोलता यायचं नाही.

काल सकाळी अंघोळ केली, कपाळाला मल्लण्णा देवाचा भंडारा लावला आणि जनगावच्या बाजारात सत्तय्याच्या सोड्याच्या दुकानासमोर शिडी उभी केली. वर चढवेना. खालीच उभा राहून पाटीवरची तुझ्या कनकय्याची अक्षरं बघत राहिलो. गुबगुबीत, एकमेकांना खेटून बसलेली, डोक्यावर तिरकी शेंडी मिरवणारी. लाल रंग उडून गुलाबी झालाय, पोटं मात्र तशीच सुटलेली. माझी सडपातळ अक्षरं बघून तो मेहुण्याच्या हक्काने म्हणायचा, "बावा, यांना आधी जेवायला घाल. उपाशी अक्षर बघून कुणाला सोडा प्यावासा वाटेल?" कुल्फीच्या गाड्यांना, बँडवाल्यांच्या ढोलांना, जत्रेतल्या पाळण्याला त्याचीच अक्षरं हवी असायची. एका डॉक्टरनेही मागितली, तेव्हा मात्र त्याने हात जोडले. "साहेब, पाटी बघूनच रोगी हसत घरी जातील. तुमचं कसं चालायचं?"

आम्हा पाटीवाल्यांची रीत तुला ठाऊक आहे. आमचे ब्रश तूच धुवायचीस. माणूस जिवंत असेपर्यंत त्याच्या अक्षरावर दुसऱ्याने ब्रश टेकवायचा नाही. रंग गेला तर त्यालाच बोलवायचं. कनकय्या दुबईला इमारती रंगवायला गेला, पुढे त्याचे फोन थांबले, तरी मी ती पाटी राखली. दर उन्हाळ्यात सत्तय्या टोमणा मारायचा, "मल्लेशम, तुझा बावा काय विमानातून उतरून रंग देणार आहे? लोक विचारतात, दुकान चालू आहे की बंद?" मी म्हणायचो, "येईल की. तोवर तू सोडा थंड ठेव." तू सणासुदीला त्याचं पान वाढत राहिलीस, मी पाटी राखत राहिलो. आपण दोघं त्यावर कधी बोललो नाही.

परवा जगित्यालचा एक माणूस मला शोधत आला. दुबईत तो कनकय्याच्याच खोलीत राहायचा. मालकाने कागद अडकवून ठेवलेले, म्हणून दोघं लपूनछपून काम करायचे, घरी फोन करायलाही भ्यायचे. मग कनकय्याला ताप आला. या माणसानेच उशाशी बसून पाणी पाजलं आणि पुढचं सगळंही त्यानेच केलं. त्याने कनकय्याचा ब्रश आणून दिला. दांड्याला तुझ्या लग्नातल्या पिवळ्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली आहे. ब्रश आता राजव्वाच्या पिशवीत आहे.

ऊन चढल्यावर मी शिडी चढलो. त्याच ब्रशने, त्याच्याच रेषांवरून हात फिरवला. पोटं बारीक होऊ दिली नाहीत. सत्तय्या शिडी धरून उभा राहिला. ऐलव्वा, कनकय्याची सगळी अक्षरं मी रंगवली.

तुझाच,
मल्लेशम अण्णा