खालच्या फळीवरची बाटली

ती. आईस,
थोरलीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. पाय दुखतात, पण दिवसभर शिवणयंत्रावर बसणाऱ्या सगळ्यांचेच दुखतात. तुझा गुडघा कसा आहे?

रविवारी आमच्या बाई आणि कामावरच्या तिघी माझ्या खोलीवर जेवायला आल्या. त्यांना जेवणाबरोबर वाइन लागते. रागावू नकोस, मी घोटभरच घेतली. पाहुण्यांपुढे ठेवायचं ते आधी चाखावं, हे तूच शिकवलंस. बाईंसाठी भारीतली छोटी बाटली आणली होती आणि बाकीच्यांसाठी दुकानातली सगळ्यात स्वस्त. मला कायम करायचं की नाही, ते बाईच ठरवणार आहेत ना.

पण ओतताना तुझं बोलणं आठवलं, "एका पंगतीत दोन तऱ्हेचं वाढशील तर हात झडेल!" मग चौघींनाही स्वस्तातलीच दिली.

बाईंनी विचारलं, "कुठली गं ही?"

मला खोटं सुचेना. "दुकानातल्या सगळ्यात खालच्या फळीवरची."

"तरीच माझं तोंड सासूसारखं झालंय!" आमची बडबडी म्हणाली. सगळ्या हसल्या, बाई सोडून.

"आणि ती खिडकीतली छोटी?"

"तुमच्यासाठी होती. पण एकटीलाच वाढवेना."

बाईंनी पेला रिकामा करून पुढे केला. "हीच दे अजून."

आंबट आहे खरी, पण जेवणाबरोबर उतरते. छोटी बाटली तशीच आहे. इथे कोणाबरोबर उघडू?

मला कायम करायच्या कागदावर बाईंची सही अजून झालेली नाही. रोज वाट बघून शिणले. हात मात्र दोन्ही शाबूत आहेत, आई.

तुझी,
थोरली