नियम चौदा आणि माझा फावला वेळ

३ फेब्रुवारी, संध्याकाळी सात

आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलवरच्या बाईंनी बातमी आणली की हेड ऑफिस काही खाती बंद करणार आहे. कुठली, ते कुणालाच माहीत नाही. मी डबा अर्धा टाकला. घाबरलो म्हणून नव्हे, भाजी खारट होती. (हे बायकोला सांगायचं नाही.)

आमचं खातं तक्रारींचं. कंपनी वॉशिंग मशीन बनवते, मशीन बिघडतात, लोक पत्रं लिहितात आणि साहेब, बाई व मी असे तिघं त्यांना उत्तरं देतो. अठरा वर्षं मी उत्तरंच देतोय. घराचे हप्ते अजून सात वर्षं आहेत आणि दुसरं कुठलंही काम मला येत नाही. म्हणजे येतं, पण कधी करून पाहिलेलं नाही.

ठराव: फावल्या वेळात जोडधंदा. एवढा जोरात की नोकरी गेलीच तर हसत हसत निरोप घेता आला पाहिजे.

९ फेब्रुवारी

पहिला जोडधंदा सुरू. वरच्या मजल्यावरचं जोडपं महिनाभर बाहेरगावी गेलंय. रोज संध्याकाळी दोन तास त्यांच्या घरात बसायचं, दिवे लावायचे, घरात माणूस आहे असं चोरांना वाटलं पाहिजे. बसल्या जागी कमाई!

१० फेब्रुवारी

जोडधंदा बंद. त्यांचा फ्रिज मध्येच खोकल्यासारखा आवाज करतो. पहिल्यांदा मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्यांदा जिन्यात उभा राहून लक्ष ठेवलं. तिसऱ्यांदा आमच्या घरातून ठेवलं. घरात माणूस आहे असं चोराला वाटलं असेल-नसेल, मला मात्र पक्कं वाटलं. किल्ली बायकोने परत दिली. तिने विचारलं की तुम्ही चोराला भिणार, की चोर तुम्हाला? अशा प्रश्नांना उत्तरं देणं माझ्या खात्यात येत नाही.

१७ फेब्रुवारी

सापडलं! अठरा वर्षं लोकांची पत्रं वाचून एक गोष्ट कळली आहे, लोकांना तक्रार करता येत नाही. रडतात, शिव्या देतात, मेहुण्याच्या लग्नापासून सुरुवात करतात आणि मशीनचं नाव सांगायला विसरतात. तेव्हा आपण तक्रारी लिहून द्यायच्या. बँक, टेलिफोन, शेजारी, कुणाविरुद्धही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने दुकानातलं बाकडं साडेसहा ते आठ वापरायला दिलं आणि मी लिहिलेला कागद भिंतीवर लावला: ‘तक्रारपत्र लिहून मिळेल.’ माझं नाव नाही. आमच्या कंपनीत बाहेरचं काम केलं तर त्याच दिवशी घरी पाठवतात.

ठराव: आपल्या स्वतःच्या कंपनीविरुद्ध एक अक्षर लिहायचं नाही. खाल्ल्या मिठाला जागायचं.

२४ फेब्रुवारी

पहिलं गिऱ्हाईक. गल्लीतल्या शिंपीणबाई. आमच्याच कंपनीचं मशीन. वर्षात चारदा बिघडलं, आता धुताना स्वयंपाकघरभर चालत जातं म्हणाल्या. मी ठरावावर बोट ठेवून नकार दिला. त्यांनी हातातली कात्री बाकड्यावर ठेवली. ठेवली म्हणजे नुसतीच ठेवली, पण मी लिहायला घेतलं.

लिहिताना हात आपोआप चालला. आमच्या ऑफिसच्या फाइलीत नियम चौदा आहे: एकाच वर्षात तीनदा दुरुस्ती झाली आणि ग्राहकाने लेखी मागणी केली तर मशीन बदलून द्यायचं. आजवर कुणी मागणी केली नाही, कारण नियम फाइलीबाहेर कुणाला ठाऊकच नाही. मी तो पत्रात टाकला. सुरुवात केली, ‘आपण सुज्ञ आहात असे गृहीत धरून लिहीत आहे.’ असं वाक्य बँकेतल्या मॅनेजरलाही सुचणार नाही. माझं अक्षर ऑफिसात ओळखू नये म्हणून पत्र बाईंकडूनच त्यांच्या अक्षरात उतरवून घेतलं.

५ मार्च

शिंपीणबाईंचं पत्र माझ्याच टेबलावर आलं. मीच वाचलं, मीच मान डोलावली, मीच मशीन मंजूर केलं. मंजुरीची सही दोनदा झाली, पण ती अभिमानाने असावी.

१९ मार्च

शिंपीणबाईंना नवं मशीन मिळालं आणि त्यांनी ते गावभर केलं. आता बाकड्यापुढे रांग असते. सगळी आमच्याच कंपनीची गिऱ्हाइकं! इतकी वाईट मशीन आम्ही बनवतो हे मला अठरा वर्षांत कळलं नव्हतं. संध्याकाळी मी नियम चौदा लिहितो आणि सकाळी मीच त्याला घाबरतो. बायको म्हणते, चेहरा उतरलाय, डॉक्टरला दाखवा. मी म्हणालो कामाचा ताण आहे. ते खरंच आहे, दोन्हीकडून आहे.

२ एप्रिल, दुपारी साडेबारा

धाबं दणाणलं आहे. साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एकशे बारा पत्रं. सगळ्यांत नियम चौदा. साहेब म्हणाले, हा नियम बाहेरच्या माणसाला कळणं शक्य नाही, आपल्यातलंच कुणीतरी फितूर आहे, आणि हेड ऑफिसने चौकशी मागितली आहे. मग त्यांनी एक पत्र मोठ्याने वाचलं. ‘आपण सुज्ञ आहात’ला थांबले आणि म्हणाले, लेखणी आहे मात्र या माणसाकडे.

माझे कान गरम झाले होते. इतकी वर्षं कुणी माझ्या लिहिण्याला बरं म्हटलं नाही, आणि म्हटलं तेव्हा आभारसुद्धा मानता येईनात.

त्याच दिवशी, तीन वाजता

चौकशी माझ्याकडे दिली! साहेब म्हणाले, तुम्हाला आपल्या मनाने दोन ओळी लिहिणं कधी जमलं नाही, त्यामुळे तुमच्यावर संशय घ्यायचा प्रश्नच नाही. शिवाय म्हणाले, नीट करा, सावकाश करा, वर्षभर चालली तरी हरकत नाही. हा सापळा आहे. वर्षभर मला उंदरासारखं खेळवणार आणि मग गळा धरणार. साहेब शांत बोलतात तेव्हाच जपायचं असतं.

७ एप्रिल

चौकशी सुरू. बाईंना विचारलं की तुम्ही संध्याकाळी काय करता. त्या म्हणाल्या भाजी निवडते, आणि तुम्ही? मी म्हणालो चौकशी मी करतोय. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना कळलं असावं. किंवा माझ्या शर्टाचं बटण चुकीचं लागलं होतं, त्याकडे पाहत असाव्यात.

१५ एप्रिल, संध्याकाळी साडेआठ

वाचलो.

बाकड्यावर एका रिटायर्ड मास्तरांकडून पत्र उतरवून घेत होतो. काचेतून पाहिलं तर साहेब! दुकानाच्या पायरीवर! मी झेरॉक्स मशीनच्या मागे बसलो. मशीन तापलेलं होतं, पाठ भाजून निघाली. साहेबांनी कुठल्याशा कागदाच्या दोन प्रती काढल्या. मास्तर बाकड्यावरून मोठ्याने विचारू लागले की अहो, नियम चौदाच्या पुढे काय लिहायचं? साहेब थांबले. भिंतीवरचा माझा कागद त्यांनी नीट वाचला, खिशातून पेन काढलं, काहीतरी टिपून घेतलं आणि गेले.

झेरॉक्सवाला म्हणाला की ते तर फार खुशीत दिसले. मला त्यानेच जास्त भीती वाटली. खुशीत येऊन कुणाला नोकरीवरून काढतात का? काढत असतील.

ठराव: आजपासून एकही पत्र नाही. भिंतीवरचा कागद मीच फाडला.

१६ एप्रिल

शिंपीणबाई आणि पाच-सहा जण घरी आले. सगळ्यांना सांगितलं की लिहिणारा गाव सोडून गेला. बायको दारात उभी राहून ऐकत होती. गिऱ्हाइकं गेल्यावर तिने विचारलं, कुठे गेला म्हणे? मग तिला सगळं सांगावं लागलं. ती हसली नाही, हे सगळ्यात वाईट. म्हणाली, भ्यायचंच होतं तर आधी भ्यायचं, आता कशाला?

३० एप्रिल

चौकशीचा अहवाल दिला. ‘माझ्या धाकाने फितूर पळून गेला आहे.’ पुरावा म्हणून आकडा जोडला: मागच्या महिन्यात पत्रं एकशे बारा, या आठवड्यात तीन. साहेबांनी अहवाल वाचला आणि चष्मा काढून बराच वेळ डोळे चोळत बसले. बहुधा समाधानाने.

आज जेवलो. भाजी खारट लागली नाही.

२० मे, सकाळी अकरा

खातं बंद.

साहेबांनी आम्हाला उभ्याउभ्याच सांगितलं. फेब्रुवारीत बंद करायच्या यादीत आपलं नाव पहिलं होतं म्हणाले. मार्चमध्ये पत्रांचा पूर आला म्हणून ते खोडलं, चौथा माणूस द्यायचीही बोलणी चालली होती. चौकशी हेड ऑफिसला दाखवण्यापुरती होती. मग फक्त माझ्याकडे पाहून म्हणाले, झेरॉक्सच्या दुकानात तुमचं अक्षर मला भिंतीवरच दिसलं होतं. इतका आनंद झाला होता की पत्ता टिपून घेतला, बायकोच्या माहेरच्यांनाही पाठवणार होतो. तुम्हाला म्हटलं होतं ना, वर्षभर चालू द्या?

बाई रडल्या. मला रडू आलं नाही, कारण मला खाली बसावं लागलं.

२ जून, सकाळी दहा

घरी. बायको कामावर गेली. जाताना डबा एकच भरला आणि मग माझ्यासाठी ताट झाकून ठेवलं. मला कळेना की आता ते किती वाजता खायचं.

तक्रारींचं काम आता कंपनीचा कंप्यूटर करतो. ठरवलं, आयुष्यातलं सर्वोत्तम पत्र लिहायचं. स्वतःसाठी, कंपनीविरुद्ध. अठरा वर्षं, घराचे हप्ते, चूक कुणाची, सगळं मुद्देसूद. ‘आपण सुज्ञ आहात’ने सुरुवात. दोन तास लागले. ई-मेलने पाठवलं.

दुपारी बारा

उत्तर लगेच आलं होतं, मी पाणी पिऊन येईपर्यंत. ‘आपले पत्र मिळाले. तथापि आपण मशीनचा क्रमांक नमूद केलेला नाही. क्रमांकाअभावी तक्रारीची दखल घेता येत नाही, याची कृपया नोंद घ्यावी.’

हे वाक्य माझं आहे. रडणाऱ्या माणसांना मी अठरा वर्षं हेच पाठवत आलो. शब्दही इकडचा तिकडे केलेला नाही. पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं, कुठेही बोट ठेवायला जागा नाही.

खूप भीती वाटते आहे. बायको सहाला येईल.