आत्याचे धपाटे

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, केयाला पापे.

मी मजेत आहे. इथे वाळवंटातल्या सिलिकॉन ओएसिसमधला उकाडाही जरा कमी झालाय. केया रात्री झोपू देते का? वहिनीची कंबर कशी आहे?

फोनवर जीभ रेटेना, म्हणून लिहितेय. बारशाला माझं नेटवर्क गेलं नव्हतं. ऑफिसातल्या चिनी मैत्रिणीने मला गो शिकवलाय, काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ. त्याच्या अजिंक्यपदाची शेवटची लढत लॅपटॉपवर चालू होती. माझा खेळाडू अडचणीत आला, म्हणून तुमच्या व्हिडिओ कॉलचा आवाज दोनच मिनिटं बंद केला.

परत बघितलं तर काकू पाळण्यावर वाकलेली. मी सुचवलेलं नाव केयाच्या कानात तिने सांगितलं, आत्याचे धपाटेही तिनेच खाल्ले. आवाज लावला तेव्हा वहिनी म्हणत होती, "समिधाचं नेटवर्क गेलं वाटतं." मी नुसती मान हलवली.

या खेळात हरणारा स्वतःच्या तोंडाने हरलो म्हणतो. माझा खेळाडू त्याच संध्याकाळी म्हणाला. मला इतके दिवस लागले.

दिवाळीत येतेय. माझे धपाटे राखून ठेव, आणि हात आखडू नकोस.

तुझी,
समिधा